घंटेला रजई

शांतता या विषयात माझा हात धरणारा माणूस आमच्या अख्ख्या द्राक्षपट्ट्यात नाही, असं मी गेल्या सप्टेंबरपर्यंत चारचौघांत सांगत असे. आता सांगत नाही. आता तो विषय निघाला की मी माझ्या बुटांकडे बघतो आणि कुणीतरी हवापाण्यावर बोलायला लागेल याची वाट बघतो.

माझं नाव बेर्नात. मोंतलारा गावात किल्ल्याच्या वेशीला लागून माझं दोन खोल्यांचं पाहुणेघर आहे. गाव डोंगराच्या माथ्यावर. माणसं एकसष्ट, कुत्री अकरा, आणि खाली नजर जाईल तिथवर द्राक्षांचे मळे. किल्ला म्हणजे आता एक बुरूज आणि दीड भिंत उरली आहे, पण बार्सेलोनाच्या लोकांना तेवढी पुरते. ते येतात, दोन दिवस भिंतीला टेकून गप्प बसतात आणि टवटवीत होऊन परत जातात. इंटरनेटवरच्या जाहिरातीत मी लिहिलं होतं, 'मोंतलारा. इथे फक्त वारा बोलतो, तोही विचारून.' हे वाक्य माझं स्वतःचं. माझी बायको रेमेई ते वाचून म्हणाली होती, "वारा विचारून बोलतो हे बरंय. घरात एकाने तरी विचारून बोलावं."

ऑगस्टच्या शेवटी पेर्पिन्याहून एका बाईंचं पत्र आलं. नाव ओदील. राहणाऱ्या फ्रान्समधल्या, पण पत्र आमच्या कातालान भाषेत, जरा जुन्या वळणाचं. लिहिलं होतं: 'सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी दुपारी बाराला मला किल्ल्याच्या चौकात संपूर्ण शांतता लागेल. ट्रॅक्टर, कुत्री, रेडिओ, गप्पा, काही नको. दहा मिनिटं पुरेत. एवढ्यासाठीच मी इतक्या लांबून येते आहे. जमेल का?'

मी ते पत्र तीनदा वाचलं. इतकी वर्षं मी ज्या गिऱ्हाइकाची वाट बघत होतो, ते हेच. लगेच उत्तर लिहिलं, 'बाई, निश्चिंत या. त्या दहा मिनिटांत मोंतलाऱ्यात माशी जरी उडाली, तरी तिचा जाब मी देईन.'

"फोन करून विचार तरी, शांतता कशाला हवीय म्हणून," रेमेई म्हणाली.

"शांतता कशाला हवी असं कुणी विचारतं का? तहानलेल्याला तू विचारतेस का, पाणी कशाला म्हणून?"

"विचारते. काहींना पाय धुवायचे असतात."

मी फोन केला नाही. तो केला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं, हे रेमेई मला आजही आठवड्यातून एकदा सांगते.

सप्टेंबरचा तिसरा शनिवार म्हणजे ऐन तोडणीचे दिवस. सकाळपासून ट्रॅक्टर द्राक्षांच्या ट्रॉल्या भरून घाट चढतात, गावातून धडधडत सहकारी वायनरीकडे जातात आणि रिकामे होऊन पुन्हा उतरतात. तेव्हा आधी सादुर्नीला गाठणं भाग होतं. सादुर्नी आमचा सरपंच, आणि गावातल्या सात ट्रॅक्टरांपैकी तीन त्याचेच. तो टोमॅटो चोळलेला पाव खात बारमध्ये बसला होता.

"शनिवारी पावणेबारा ते सव्वाबारा ट्रॅक्टर बंद ठेवायचे," मी म्हणालो.

"तोडणीत? तुला ऊन लागलंय का?"

"एक पाहुण्या बाई येतायत."

"मग त्यांना कानात बोळे घालायला सांग."

आता मी पत्र दाखवून नीट समजावून सांगू शकलो असतो. पण समोरच्याचा नकार आला की माझी जीभ माझ्या पुढे पळते. मी म्हणालो, "त्या आजारी आहेत."

"काय होतंय?"

"नसा."

"कसल्या नसा?"

"आवाजाच्या," मी म्हणालो. "डॉक्टरांनी सांगितलंय, एकच मोठा आवाज झाला की..." आणि मी तळहात टेबलावर हळूच आडवा केला.

सादुर्नीने पाव खाली ठेवला, डोक्यावरची टोपी काढली. त्याची धाकटी बहीण नसांच्याच दुखण्याने गेली होती, हे माझ्या ध्यानात यायला उशीर झाला. "बिचारी," तो म्हणाला. "आधी सांगायचंस ना, बेर्नात. ट्रॅक्टर बंद म्हणजे बंद. कुत्र्यांचं मी बघतो."

तेव्हाच माझ्या पोटात लाजेची पहिली कळ आली होती. मी ती भुकेची समजलो आणि माझ्यासाठीही पाव मागवला.

संध्याकाळपर्यंत बातमी गावभर झाली. सकाळी बाईंच्या नसा दुखत होत्या. दुपारी त्यांना सहा महिने दिले होते. रात्रीच्या जेवणापर्यंत त्या आमच्या किल्ल्यात शेवटचा श्वास घ्यायला येत होत्या. मी कुणाचंही बोलणं खोडून काढलं नाही. सगळे इतक्या मायेने बोलत होते की मध्ये पडणं बरं दिसलं नसतं.

राहता राहिली घंटा.

आमच्या चर्चचा मनोरा माझ्या आजोबांच्या काळात पडला, तेव्हापासून गावची घंटा किल्ल्याच्या बुरुजावर टांगलेली आहे. ती रोज दुपारी बाराला किमेतामावशी वाजवते. मावशी माझी सख्खी नव्हे, ती सगळ्या गावाचीच मावशी. वय शहाऐंशी. बुरुजाच्या तळाला दाराआड दोर लोंबतो, तो ती रोज बारा वेळा ओढते. नवरा गेला त्या दिवशीही तिने आधी बाराचे टोले दिले आणि मग त्याला पोचवायला गेली. तिला 'शनिवारी राहू दे' म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. माझी तर नव्हतीच.

पण माझ्या डोक्यात एक कल्पना आली आणि ती मला फार हुशारीची वाटली. मावशीला ऐकू येत नाही हे जगजाहीर होतं. तिच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ती "आज वारा आहे" असं उत्तर देते. मग घंटा वाजली काय आणि न वाजली काय, तिला कळणार कसं? मावशी खाली दोर ओढणार, घंटा वर डुलणार, आवाज तेवढा येणार नाही. मावशीचा नेम मोडणार नाही, बाईंची शांतता मोडणार नाही.

ओदीलबाई शुक्रवारी संध्याकाळी आल्या. पन्नाशीच्या, काटक, हातात एक लांबट पेटी. त्या गाडीतून उतरल्या तर चौकात पंधरा-वीस माणसं टोप्या काढून उभी. सादुर्नी चवड्यांवर चालत पुढे गेला आणि कुजबुजला, "मोंतलाऱ्यात आपलं स्वागत आहे."

"आभारी आहे," बाईही कुजबुजल्या. समोरचा कुजबुजला की माणूस आपोआप कुजबुजतो.

तासाभरात तीन घरांतून कोंबडीच्या रश्शाचे वाडगे आले. आणणारी प्रत्येक बाई ओदीलबाईंच्या हातावर हात ठेवून डोळे पुसत परत गेली. शेवटी ओदीलबाईंनी रेमेईला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "गावात कुणी गेलंय का हो?"

"नाही. का?"

"सगळे इतकं हळू का बोलतात?"

रेमेईने माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीवरच्या कॅलेंडरात शिरलो असतो. "आमच्याकडे पद्धतच आहे," मी म्हणालो. "तोडणीच्या दिवसांत द्राक्षांना त्रास नको म्हणून."

हे मी द्राक्षं पिकवणाऱ्या गावात, द्राक्षं पिकवणाऱ्याच्या मुलीसमोर बोललो. रेमेई वाडगे उचलून आत गेली.

शनिवारी दहाला, मावशी कोंबड्यांना दाणे टाकत होती तेव्हा, मी बुरुजाच्या चौऱ्याऐंशी पायऱ्या चढलो. बगलेत रजई होती. रेमेईच्या आईने लग्नात दिलेली, चांगली लोकर भरलेली, पेटीतली. घरात तेवढी जाड वस्तू दुसरी नव्हती. घंटेच्या आत हात घालून मी लोलकाला ती चार वेढे गुंडाळली आणि वेली बांधायच्या तारेने करकचून आवळली. हाताने घंटा ढकलून पाहिली. धप्. उशीवर डोकं टेकावं तेवढाच आवाज. खाली उतरताना मी चक्क शीळ घालत होतो. मग लक्षात आलं आणि शीळही बंद केली.

पावणेबाराला ट्रॅक्टर थांबले. अकरा कुत्री आणि सादुर्नीचा कोंबडा वायनरीच्या तळघरात कोंडला होता. सातही ट्रॉल्यांमधली द्राक्षं घाटात जिथल्या तिथे उन्हात उभी होती. मळ्यांतली माणसं वेलींखाली बसून राहिली होती. काहींनी तर बाईंसाठी प्रार्थना म्हटली, असं मला नंतर कळलं.

ओदीलबाई चौकात आल्या, लांबट पेटी उघडली. आतून एक तिकाटणं निघालं, त्यावर त्यांनी केसाळ मांजरासारखं दिसणारं काहीतरी बसवलं, त्याची वायर एका छोट्या यंत्राला जोडली आणि कानांना मोठे हेडफोन लावले. मला वाटलं, शांतता मोजायचं यंत्र असणार. फ्रान्समध्ये काय वाटेल ते निघतं. आज मोंतलाऱ्याचा आकडा काय येतो, याची मला उत्सुकता लागली.

बारा वाजले. बुरुजाच्या दारातून मावशीची कोपरं वरखाली होताना दिसली. वर घंटा डुलत होती. आवाज शून्य. मी आयुष्यात इतकी सुंदर शांतता ऐकलेली नाही. खालच्या उतारावर वेलीचं पान हललेलं ऐकू आलं असतं.

बाईंनी डोळे मिटले होते. एक मिनिट गेलं. त्यांनी डोळे उघडून घड्याळ बघितलं. दोन मिनिटं. त्यांनी वर बुरुजाकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, परत वर. मी लांबूनच मान डोलावून 'आहे की नाही?' असं केलं. पाच मिनिटांनी त्यांनी हेडफोन काढले आणि माझ्याजवळ आल्या.

"घंटा वाजली नाही," त्या कुजबुजल्या.

"नाही वाजली," मी छाती फुगवून कुजबुजलो. "त्याची व्यवस्था मी जातीने केली."

त्यांनी हेडफोन गळ्यात अडकवले. मग अगदी सावकाश म्हणाल्या, "मी घंटेसाठीच आले होते."

त्यांच्या आई, असुम्प्ता, याच गावच्या. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन पेर्पिन्याला गेल्या. आता अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या, अंथरुणाला खिळलेल्या, आणि गेले चार महिने कुणाशी एक शब्द बोललेल्या नव्हत्या. बोलत होत्या तेव्हा शेवटी शेवटी फक्त विचारायच्या, 'बारा वाजले का? घंटा ऐकू आली नाही.' म्हणून मुलगी घंटेचा आवाज यंत्रात भरून नेऊन आईला ऐकवायला आली होती, आणि मध्ये ट्रॅक्टर नको, कुत्री नको म्हणून तिने ते पत्र लिहिलं होतं.

"रात्री आईजवळ राहणारं कुणी नाही," त्या म्हणाल्या. "मला चारला निघायलाच हवं."

 एवढ्यात किमेतामावशी दारातून बाहेर आली. चेहरा पांढराफटक. माझा दंड धरून ती म्हणाली, "बेर्नात, माझे कान गेले रे."

"मावशी..."

"माणसांचं तर कधीच गेलं होतं. पण घंटा ऐकू यायची. बाकी काही नाही, तेवढी यायची. दोरातून, छातीतून, कशीही, पण यायची." तिने रिकामा हात दोर ओढल्यासारखा करून दाखवला. "आज काहीच आलं नाही. बाराच्या बाराही ओढले. संपलं म्हणायचं."

त्या क्षणी मी तिच्या कानाशी ओरडून खरं सांगायला हवं होतं. पण चौकाच्या कडेला सादुर्नी होता, रेमेई होती, निम्मं गाव चवड्यांवर येऊन उभं होतं, आणि खरं सांगायचं तर नसांपासून सगळंच सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "जरा बस मावशी, आलोच." आणि बुरुजात पळालो. सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज वाटते ती याची. पुढचं जे झालं त्याची लोक मजेत आठवण काढतात. त्या 'जरा बस'ची आठवण फक्त मी काढतो.

वर पोचलो तेव्हा लक्षात आलं की तार सोडायला पक्कड आणलेली नाही. खिशात चाकू होता. तार काही चाकूने तुटेना, तेव्हा मी रजईच फाडायला घेतली. आमच्याकडे त्या दिवसांत दुपारचा वारा सुटतो. रजईला भोक पडताच आतली लोकर फुर्रकन निघाली आणि खिडक्यांतून पुंजक्यापुंजक्याने बाहेर जाऊ लागली. मी निम्मी रजई सोडवली. निम्मी लोंबत होती, तारेचं एक टोक माझ्या बाहीत अडकलं होतं, आणि माझं डोकं घंटेच्या आत होतं.

खाली मावशी बसली नव्हती. जरा बसणाऱ्यांतली ती नाहीच. तिने ठरवलं, एकदा शेवटचं करून बघू, आणि असेल नसेल ती ताकद लावून दोर ओढला.

घंटेच्या आत डोकं असताना घंटा वाजली की काय होतं, हे मला विचारू नका. माझं डोकं सुटलं, बाही सुटली नाही. लोलक एकदा रजईसकट आपटे, एकदा उघडा आपटे. धप्, ठण्ण, ठण्ण, धप्, ठण्ण. खालून मावशीला अर्धंमुर्धं ऐकू आल्यावर तिला हुरूप आला असावा, कारण तिने आणखी जोरात ओढायला सुरुवात केली. मी घंटेबरोबर एक पाय पुढे, एक पाय मागे नाचत होतो आणि बेंबीच्या देठापासून ओरडत होतो, "मावशी, थांब! मी वर आहे! थांब गं!"

गावात फक्त तिलाच मी ओरडल्याचं ऐकू येत नव्हतं.

आता आमच्या भागात ताल सोडून भरभर वाजणाऱ्या घंटेचा एकच अर्थ असतो. आग. आणि खाली मळ्यांत बसलेल्या माणसांनी मान वर केली, तर बुरुजाच्या खिडक्यांतून पांढरं काहीतरी भसाभस बाहेर पडत होतं. झालं. सात ट्रॅक्टर एकदम सुरू झाले. कुणीतरी तळघराचं दार उघडलं आणि अकरा कुत्री चौकात आली. कोंबडा त्यांच्याही पुढे होता. सादुर्नीला आधी बाईंच्या नसा आठवल्या. त्याने ओदीलबाईंना उचललं, खरंच उचललं, आणि त्यांचे कान स्वतःच्या तळहातांनी झाकायला बघत माझ्या घराकडे निघाला. उचलून धरायचं आणि कानही झाकायचे, हे दोन हातांत जमत नाही, म्हणून त्या दोनदा खाली घसरल्या. "मला सोडा, मला काही झालेलं नाही," असं त्या ओरडत होत्या, आणि तो म्हणत होता, "ओरडू नका बाई, तुमच्याच आवाजाने काहीतरी होईल."

मागून सादुर्नीच्या भावाने वेलींवर औषध फवारायचा पंप ट्रॅक्टरमागे लावून आणला आणि बुरुजाच्या खिडकीत नेम धरून सोडला. टाकीत पाणी होतं. तळाला उन्हाळ्यातलं निळं मोरचूदही होतं.

पाणी लागल्यावर बाही फाटली आणि मी सुटलो. चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरून मी चौकात आलो तेव्हा मी निळा होतो, आणि त्या निळ्यावर सगळीकडून लोकर चिकटली होती. कुत्री भुंकायची थांबली. मावशीने दोर सोडला. सगळा गाव माझ्याकडे बघत होता. मला हवी असलेली संपूर्ण शांतता मला मिळाली, पण तिचं काय करायचं ते सुचेना.

"आग कुठाय?" सादुर्नीने विचारलं. ओदीलबाई अजून त्याच्या हातांत होत्या.

"आग नाही," मी म्हणालो.

"मग ते काय आहे?"

"रजई."

"माझी?" रेमेईने विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. पत्र, घंटा, तार. बाईंच्या नसा ठणठणीत असल्याचंही सांगितलं. ते सांगताना मी सादुर्नीकडे बघू शकलो नाही. त्याने ओदीलबाईंना अलगद खाली ठेवलं, त्यांचा कोट झटकून सारखा केला आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, मारणार. तो एवढंच म्हणाला, "माझ्या बहिणीला खरंच होतं ते." आणि टोपी घालून कठड्यावर जाऊन बसला. त्याने मारलं असतं तर बरं झालं असतं.

मावशीला यातलं काही कळलं नव्हतं. रेमेईने तिच्या कानाशी तोंड नेऊन चार वेळा ओरडून सांगितलं. मावशीने ते सगळं पोटात घेतलं, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "म्हणजे माझे कान आहेत?"

मी 'हो' म्हणून मान हलवली.

तिने मला एक थोबाडीत दिली. चौकात आवाज घुमला. "हो," ती म्हणाली, "आहेत. ही पण ऐकू आली."

मग ती ओदीलबाईंकडे वळली. "तू कुणाची गं?"

"असुम्प्ताची," बाई तिच्या कानाशी ओरडल्या. "वाइनची पिंपं करणाऱ्यांच्या घरातली."

मावशीने त्यांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. "असुम्प्ता," ती म्हणाली. "आम्ही दोघी मिळून दोर ओढायचो. एकटीने ओढवत नसे तेव्हा." तिने आपले हात एप्रनला पुसले आणि सादुर्नीला हाक मारली, "किती वाजले?"

"सव्वा वाजलाय, मावशी."

"चूक. आज अजून बारा वाजलेलेच नाहीत. ते वरचं गबाळ काढा, म्हणजे वाजतील."

तिने इतक्या वर्षांत एकदाही बाराची घंटा मिनिटभर इकडेतिकडे होऊ दिली नव्हती. माझ्यामुळे ती तो नेम मोडत होती आणि वर हसत होती.

पक्कड घेऊन सादुर्नीच वर गेला. मला कुणी वर जाऊ दिलं नाही. ट्रॅक्टर पुन्हा बंद झाले. त्यांतल्या ट्रॉल्यांमधली द्राक्षं एव्हाना तापून रस सोडायला लागली होती, तो घाटातून ओघळत होता आणि त्यावर गांधीलमाश्या जमल्या होत्या, पण कुणी एक अक्षर काढलं नाही. ज्याने त्याने आपापलं कुत्रं मांडीवर घेऊन तोंड धरलं. ओदीलबाई यंत्रापाशी गेल्या. "अगंबाई, हे मगापासून चालूच राहिलंय," त्या म्हणाल्या आणि नवीन सुरुवात केली.

दीड वाजता मोंतलाऱ्यात बारा वाजले. मी रोज ऐकतो ती घंटा. पण त्या दिवशी पहिल्यांदाच मी ती सबंध ऐकली, एकेक टोला संपून खालच्या मळ्यांत विरेपर्यंत. बाराव्यानंतर कुणी हललं नाही. ओदीलबाईंनी हेडफोन काढून मावशीच्या कानांना लावले, तर मावशी म्हणाली, "काढ ते, काही ऐकू येत नाही."

चारला बाई निघाल्या. माझा हात हातात घेऊन त्या म्हणाल्या, "तुमचा हेतू चांगला होता." माणसाला याहून वाईट काही म्हणता येत नाही. माझा निळा त्यांच्या हाताला लागला.

पुढचे दहा दिवस मी घरातून फारसा बाहेर पडलो नाही. मोरचूद लवकर जात नाही हे एक कारण. सादुर्नीकडे मी तिसऱ्या दिवशी गेलो. माफी मागायची म्हणून घोकून गेलो होतो, पण त्याच्या दारात मला नीट शब्द सापडेनात. तो म्हणाला, "मळ्यात चल, कात्री घे," आणि मी तोडणी संपेपर्यंत रोज त्याच्या वेलींवर राबलो. आम्ही फारसं बोललो नाही. तेवढ्या शांततेची मला सवय नव्हती.

ओदीलबाईंचा फोन आला तेव्हा बारमध्ये सगळे होते, आणि फोन बारचाच असल्यामुळे मालकाने तो मोठ्या आवाजात लावला. मावशीही कोपऱ्यात बसली होती.

"आईला घंटा ऐकवली," त्या म्हणाल्या. "बाराही टोले. इतकं सुंदर आलंय ते. पण ती डोळे मिटून पडून राहिली. काहीच नाही."

मालकाने आवाज आणखी वाढवला.

"मग यंत्रावर चुकून आधीचं लागलं. ते... सगळा गोंधळ. कुत्री, ट्रॅक्टर, आणि बेर्नात, तुमचं ते वरून ओरडणं." त्यांना हसू फुटलं. "आईने डोळे उघडले. ती हसली. चार महिन्यांत पहिल्यांदा बोलली. तुमच्या वडिलांचं नाव झाउमे होतं का?"

"होतं," मी म्हणालो. "वीस वर्षं झाली त्यांना जाऊन."

"आई म्हणाली, 'हा झाउमेच. पुन्हा मला भेटायला बुरुजावर चढला आणि पुन्हा अडकला. उतरवा त्या गाढवाला कुणीतरी.' आणि मग तिने सूप मागितलं."

माझे वडील जन्मभर आम्हाला सांगत आले की त्यांनी त्या बुरुजावर कधी पाऊल ठेवलं नाही, उंचीची भीती वाटते म्हणून. घरात माझी आई आहे. ब्याऐंशी वर्षांची, आणि तिचे कान उत्तम आहेत. फोन चालू होता तेव्हा ती शेजारच्याच टेबलावर ऑलिव्ह खात बसली होती. तिने हातातलं बी बशीत ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, घरात पाव संपलाय, आणि बाहेर पडलो. पाव काही संपला नव्हता.